मंचरच्या दगडातील पांढऱ्या काड्या

माझ्या टेबलावर गेली अकरा वर्षे एक काळा दगड पडून आहे. आकार तुटलेल्या वरवंट्याएवढा, आणि एक बाजू करवतीने कापून सपाट केलेली. त्या सपाट बाजूवर पांढरट-करड्या काड्या अस्ताव्यस्त विखुरलेल्या आहेत, जणू कुणी खडूचे तुकडे पातळ डांबरात टाकून ते गोठू दिले असावे. सर्वांत लांब काडी पट्टी लावून मोजली तर २६ मिलिमीटर भरते आणि तिची जाडी जेमतेम ४ मिलिमीटर आहे. काही ठिकाणी तीन-चार काड्या एकाच बिंदूतून फाकलेल्या दिसतात, ओल्या मातीत कोंबडीचे पाऊल उमटावे तशा. मंचरहून घोडेगावकडे जाताना रस्त्याच्या रुंदीकरणासाठी फोडलेल्या कातळाच्या ढिगातून मी तो उचलला. ढिगाशेजारी बसलेल्या एका आजोबांनी विचारले होते, "ताई, हाडं हायेत का ती?" हाडे नव्हेत, स्फटिक आहेत, असे मी सांगितले. त्यावर ते म्हणाले, "मग दगडात शिरले कसे?" तेवढ्यात माझी एस.टी. आली आणि उत्तर अर्धवट राहिले.

उत्तराचा पहिला भाग सोपा आहे. स्फटिक दगडात शिरले नाहीत. ते आधी तयार झाले आणि दगड त्यांच्याभोवती नंतर झाला. अवघड आहे तो दुसरा भाग, म्हणजे ते तयार झाले कुठे, किती खोलवर, किती काळात आणि कोणत्या द्रवात. ज्या शिलारसात ते वाढले, तो शिलारस साठवणारा जमिनीखालचा कोष आज अस्तित्वात नाही. त्याला थंड होऊन सहा कोटींहून अधिक वर्षे लोटली आहेत आणि त्याचे जे काही उरले असेल ते आपल्या पायांखाली कित्येक किलोमीटरवर आहे. कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी जे खोल वेधन झाले, त्यात सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचा हाच काळा दगड, ओलांडल्यावर थेट प्राचीन ग्रॅनाइटी खडक लागला. शिलारसाचा कोष काही भेटला नाही, आणि तसा तो भेटण्याची अपेक्षाही नव्हती. म्हणून त्या कोषातून वाहत वर आलेले हे स्फटिक हाच आपल्या हाती असलेला साक्षीदार.

प्रथम एक गोंधळ दूर करणे आवश्यक आहे, कारण सह्याद्रीत काळ्या दगडात पांढरे काही दिसले की ते एकाच प्रकारचे असते असे अनेकांना वाटते. आपल्याकडच्या काळवत्रीत गोल किंवा बदामाच्या आकाराचे जे पांढरे ठिपके दिसतात, ते बहुधा झिओलाइट, कॅल्साइट किंवा गारगोटीच्या जातीचे असतात. लाव्हा थिजत असताना त्यातील वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्या पोकळ्यांतून खनिजयुक्त पाणी झिरपून हे पदार्थ साचले. म्हणजे ते दगडापेक्षा वयाने लहान आहेत. प्रदर्शनांतून विकले जाणारे अपोफिलाइट आणि स्टिलबाइटचे देखणे झुबके याच प्रकारात मोडतात. माझ्या दगडातील काड्या मात्र सरळ कडांच्या, चपट्या आणि भोवतालच्या काळ्या दगडात घट्ट रुतलेल्या आहेत, कोणत्याही पोकळीशी त्यांचा संबंध नाही, आणि उन्हात दगड हळूहळू फिरवला की त्यांची भंगलेली पृष्ठे एका ठरावीक कोनात आरशासारखी लखलखतात. हे प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार नावाचे खनिज आहे आणि ते दगडापेक्षा वयाने मोठे आहे. कोण आधी आणि कोण नंतर, हे ठरवणे हाच या अभ्यासाचा अर्धा भाग असतो.

दख्खनच्या ज्वालामुखी उद्रेकांतून सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या काळात लाव्ह्याचे थरावर थर पसरले आणि आजही त्यांनी सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे. यातील बहुतेक थरांचे कण इतके बारीक असतात की भिंगाशिवाय दिसत नाहीत. परंतु थरांच्या या चळतीच्या खालच्या भागात, ज्याला कळसूबाई उपगट म्हणतात, मधूनमधून असे काही प्रवाह येतात की ज्यांत बोटाच्या पेराएवढे प्लॅजिओक्लेज स्फटिक खच्चून भरलेले असतात. त्यांना 'जायंट प्लॅजिओक्लेज बेसाल्ट' असे नाव आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अहवालांत 'मेगाक्रिस्ट फ्लो' असा उल्लेख सापडतो. मी येथे त्यांना महास्फटिकी बेसाल्ट म्हणेन. १९८०च्या दशकात आयआयटी मुंबईचे के. व्ही. सुब्बाराव, अमेरिकेतील पीटर हूपर आणि त्यांचे सहकारी यांनी पश्चिम घाटाच्या थरांची रासायनिक घडणीवरून विभागणी केली, तेव्हा हे प्रवाह खुणेच्या दगडांसारखे उपयोगी पडले, कारण ते डोळ्यांनी ओळखता येतात. कशेळे, थळघाट, मंचर, गिरवली अशी गावाघाटांची नावे त्यांना मिळाली. गिरवली हे आंबेगाव तालुक्यातील गाव खगोलप्रेमींना २००६ पासून तेथे असलेल्या आयुकाच्या दुर्बिणीमुळे माहीत झाले. दगडवाल्यांच्या नोंदींत ते त्याच्या बरेच आधीपासून आहे, हे मी माझ्या खगोलप्रेमी मित्रांना आवर्जून ऐकवते.

एकाच प्रदेशातील दगडांपैकी काहींचे कण मैद्यासारखे बारीक आणि काहींत बोटाएवढे स्फटिक असे का, याचे कारण साखरेचा धंदा करणाऱ्यांना नव्याने सांगायला नको. गुऱ्हाळात काहिलीतला पाक वाफ्यात ओतून घोटला की तो काही वेळातच आळतो आणि गुळात कण दिसले तरी ते रव्याएवढे असतात. खडीसाखर करणारा मात्र पाक दोऱ्यांवर सोडून दिवसेंदिवस न हलवता मंदपणे निववतो, तेव्हा कुठे बोराएवढे खडे धरतात. वेगाने थंड होणाऱ्या द्रवात एकाच वेळी असंख्य ठिकाणी स्फटिकांची सुरुवात होते आणि कोणालाच वाढायला जागा व वेळ मिळत नाही; संथपणे थंड होणाऱ्या द्रवात मोजकेच स्फटिक सुरू होतात आणि तेच वाढत राहतात. माझ्या दगडात या दोन्ही अवस्था एकत्र आहेत. मोठ्या काड्या जमिनीखाली संथपणे वाढल्या आणि त्यांच्यामधला काळा, बारीक भाग लाव्हा बाहेर पडल्यावर भराभर थिजला. म्हणजे एकाच दगडात खडीसाखरही आहे आणि गूळही.

परंतु खडीसाखरेची उपमा एका ठिकाणी अपुरी पडते, कारण खडीसाखरेचा खडा आतून-बाहेरून एकच असतो आणि प्लॅजिओक्लेज तसा नसतो. त्यासाठी संक्रांतीचा काटेरी हलवा जवळचा आहे. माझी आत्या हलवा करताना मंद शेगडीवर परात ठेवून त्यात तीळ घेई आणि चमचा-चमचा पाक घालत बोटांनी ते फिरवत बसे. दोन-तीन दिवसांत प्रत्येक तिळाभोवती साखरेची असंख्य पुटे चढत. समजा, तिने दुसऱ्या दिवशी पाकात केशर घातले असते आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा साधा पाक वापरला असता, तर हलव्याचा दाणा मधोमध कापल्यावर पांढरे, केशरी, पांढरे असे पट्टे दिसले असते, आणि ज्याने आत्याला कधी पाहिले नाही त्यालाही पाक दोनदा बदलला होता हे सांगता आले असते. प्लॅजिओक्लेज अशीच पुटे चढवत वाढतो. प्रत्येक पुटाची रासायनिक घडण त्या क्षणी भोवती असलेल्या द्रवाची घडण, तापमान आणि दाब यांवर ठरते आणि एकदा चढलेले पूट सहसा बदलत नाही.

हे का घडते, ते नॉर्मन बोवेन यांनी वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेच्या भूभौतिक प्रयोगशाळेत दाखवले. त्यांचा प्लॅजिओक्लेजच्या वितळण्यावरील निबंध १९१३ सालचा आहे. प्लॅजिओक्लेज हे दोन खनिजांचे अखंड मिश्रण असते, एका टोकाला कॅल्शियमयुक्त अॅनॉर्थाइट आणि दुसऱ्या टोकाला सोडियमयुक्त अल्बाइट. शुद्ध अॅनॉर्थाइट वितळायला सुमारे १५५० अंश सेल्सिअस तापमान लागते, तर अल्बाइटला ११०० अंशांच्या आसपासचे तापमान पुरते. बोवेन यांनी ठरावीक प्रमाणातील मिश्रणे ठरावीक तापमानाला ठेवली, ती झटकन थंड केली आणि किती भाग स्फटिक झाला व किती भाग काच राहिला हे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यातून निघालेला नियम असा की, द्रवातून प्रथम बाहेर पडणाऱ्या स्फटिकात कॅल्शियमचे प्रमाण त्या द्रवापेक्षा नेहमी अधिक असते. त्यामुळे स्फटिक वाढत जातो तसतसा द्रव कॅल्शियमला मुकतो आणि पुढची पुटे अधिकाधिक सोडियमची होतात. कोषात काहीही विशेष घडले नाही, तर गाभ्याकडून कडेकडे कॅल्शियम कमी होत जाणे हाच सरळ क्रम. हा क्रम जिथे मोडतो, तिथे थांबून विचार करायचा.

आता दगड कापून पाहण्याविषयी. दगडाची चकती कापून तिची एक बाजू कार्बोरंडमच्या भुकटीवर घासून गुळगुळीत करायची, ती काचेच्या पट्टीवर चिकटवायची आणि मग दुसऱ्या बाजूने घासत घासत तिची जाडी ०.०३ मिलिमीटरवर आणायची. या जाडीला काळाकुट्ट बेसाल्टही प्रकाश आरपार जाऊ देतो. जाडी मोजण्याची युक्ती रंगात आहे: एकमेकांशी काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवकांमध्ये (प्रकाशाला एकाच दिशेत कंप पावू देणाऱ्या चकत्यांमध्ये) योग्य जाडीचा प्लॅजिओक्लेज करडा-पांढरा दिसतो आणि पिवळसर दिसला तर काप अजून जाड आहे असे समजायचे. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी मी माझा पहिला काप पिवळ्याचा करडा करण्याच्या नादात इतका घासला की एका कडेचे स्फटिक नाहीसेच झाले. आमच्या सरांनी पट्टी खिडकीच्या उजेडात धरली आणि एवढेच म्हणाले, "काच मात्र स्वच्छ निघाली आहे." त्यानंतर मी शेवटचे काही मिनिटे नेहमी हाताने, भुकटीत भरपूर पाणी घालून आणि दर दहा-बारा फेऱ्यांनी पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली नेऊन काम करू लागले.

मंचरच्या दगडाचा काप मी पुढे कित्येक वर्षांनी केला आणि तो चांगला झाला. सूक्ष्मदर्शकाखाली एक काडी दृष्टीच्या चौकटीत मावतच नाही. तिच्यावर लांबीच्या दिशेने काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असतात. हे जुळे स्फटिक आहेत आणि प्लॅजिओक्लेजची ती ओळखपत्रासारखी खूण आहे. खालची गोल तबकडी फिरवू लागले की पट्ट्या आळीपाळीने काळ्या होतात. पण कडेजवळ पाहिले तर काळोख एकदम पडत नाही. आधी आतला भाग काळवंडतो, मग तबकडी आणखी दोन-तीन अंश फिरवल्यावर काळी सावली बाहेरच्या बाजूला सरकते आणि सर्वांत शेवटी एक बारीक किनार विझते. प्रकाशाचे विझणे घडणीनुसार वेगवेगळ्या कोनांत होते, त्यामुळे सरकणारी ही सावली म्हणजे कॅल्शियम-सोडियमच्या प्रमाणात होत गेलेला बदल आहे. माझ्या दगडात हा बदल फक्त कडेच्या चिंचोळ्या पट्ट्यात आहे; आतला सगळा विस्तार जवळजवळ एकसारखा आहे.

डोळ्यांनी दिसते त्याचे अंक हवे असतील तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मशलाका यंत्राकडे जावे लागते. त्यात इलेक्ट्रॉनांचा अत्यंत बारीक झोत स्फटिकावर पाडून उमटणाऱ्या क्ष-किरणांवरून प्रत्येक ठिकाणी कोणते मूलद्रव्य किती आहे ते मोजतात. गाभ्यापासून कडेपर्यंत एका रेषेत शे-दोनशे बिंदू घेतले की स्फटिकाचे चरित्र आलेखावर उतरते. दख्खनच्या महास्फटिकांचा बहुतांश भाग लॅब्राडोराइट या मधल्या घडणीचा असतो, म्हणजे त्यात अॅनॉर्थाइटचा वाटा निम्म्याहून काहीसा अधिक असतो. हा एकसारखेपणा मला कोणत्याही नाट्यमय पट्ट्यापेक्षा अधिक बोलका वाटतो. स्फटिक इंचभर वाढला तरी भोवतालच्या द्रवाची घडण फारशी बदलली नाही, याचा अर्थ एक तर कोष इतका मोठा होता की एवढ्या स्फटिकांनी त्यातील कॅल्शियम संपत नव्हते, किंवा त्यात खालून नवी भर सतत पडत होती. या बेसाल्टमध्ये मॅग्नेशियम कमी आणि लोह अधिक असते, यावरून हेही कळते की ऑलिव्हिन आणि पायरॉक्झीनसारखी मॅग्नेशियमची खनिजे त्या द्रवातून आधीच बाजूला पडली होती.

लोहाचा हा वाटा आणखी एका कोड्याचे उत्तर देतो. इतके मोठे स्फटिक कोषाच्या तळाशी का बसले नाहीत? प्लॅजिओक्लेजची घनता पाण्याच्या सुमारे २.७ पट असते आणि लोहाने जड झालेल्या बेसाल्टी द्रवाची घनता तितकीच किंवा किंचित अधिक भरते. त्यामुळे ऑलिव्हिन आणि पायरॉक्झीन बुडतात, पण प्लॅजिओक्लेज तरंगतो किंवा निदान अधांतरी राहतो. कोषाच्या वरच्या भागात असे स्फटिक साचत गेले आणि पुढच्या उद्रेकात ते द्रवाबरोबर बाहेर पडले, असे चित्र बरेच अभ्यासक मांडतात. महास्फटिकी प्रवाह थरांच्या विभागणीत सीमेपाशी आढळतात, म्हणून प्रत्येक प्रवाह म्हणजे उद्रेकांतील एका विसाव्याची खूण असावी, असेही मत आहे: भर पडणे मंदावले, कोष निवत गेला, स्फटिक वाढले, आणि नवा शिलारस आला तेव्हा ही साय आधी बाहेर ढकलली गेली. मला हे चित्र पटते, पण सर्वच प्रवाहांना ते एकसारखे लागू करण्याची घाई मी करणार नाही.

इतर ज्वालामुखी प्रदेशांतील प्लॅजिओक्लेज बहुतेक वेळा याहून खूपच अशांत असतो. त्यात कॅल्शियमचा आलेख कडेकडे उतरता उतरता अचानक उसळी घेतो आणि त्या उसळीच्या ठिकाणी स्फटिकाचे जुने कोपरे गोल झालेले दिसतात, तोंडात चघळलेल्या खडीसाखरेसारखे. त्याचा अर्थ असा की स्फटिक काही काळ वितळू लागला होता, मग त्याच्यावर नव्या घडणीची पुटे चढली. कधी कधी गाभ्याला अनारशासारखी जाळी सुटलेली असते आणि जाळीच्या छिद्रांत थिजलेला द्रव भरलेला असतो. सर्वसाधारण अर्थ म्हणजे कोषात खालून अधिक तापलेला शिलारस घुसला. परंतु येथे सावधपणा हवा, कारण द्रवातील पाण्याचे प्रमाण वाढले तरीही प्लॅजिओक्लेज अधिक कॅल्शियम घेऊ लागतो, आणि शिलारस वेगाने वर चढून दाब उतरला तरीही स्फटिक विरघळू शकतो. उसळी एकच, कारणे तीन. म्हणून त्याच पुटातील लोह, मॅग्नेशियम, स्ट्रॉन्शियम यांचीही मोजणी करतात. नवा शिलारस आला असेल तर हे घटकही बदलायला हवेत. फक्त पाणी किंवा दाब बदलला असेल तर ते जवळपास तसेच राहतात. (स्वयंपाकघराबाहेरची उपमा मला सुचत नाही, याबद्दल माझे सहाध्यायी मला हसतात. पण द्रव तापवणे, आळवणे, गाळणे आणि निववणे यापलीकडे शिलारसाच्या कोषात तरी दुसरे काय चालते?)

स्ट्रॉन्शियमचा उपयोग आणखी एका कामासाठी होतो. या मूलद्रव्याच्या ८७ आणि ८६ वस्तुमानाच्या समस्थानिकांचे गुणोत्तर स्फटिकीभवनाने बदलत नाही. ते बदलते फक्त वेगळ्या मूळाचे द्रव्य मिसळल्याने. पश्चिम घाटातील आंबेनळी थरांत हे गुणोत्तर सुमारे ०.७०४ असते आणि बुशे थरांत ते ०.७१३च्याही वर जाते, कारण बुशेचा शिलारस वर येताना जुन्या खंडीय खडकांचा बराच अंश विरघळवून घेऊन आला. एका स्फटिकाच्या गाभ्यातून आणि कडेतून बारीक छिद्रे पाडून काढलेल्या भुकटीत हे गुणोत्तर वेगवेगळे आले, तर स्फटिक वाढत असतानाच कोषाच्या भिंतींचा काही भाग द्रवात विरत होता किंवा वेगळा शिलारस मिसळत होता असे म्हणता येते. दख्खनच्या प्लॅजिओक्लेजवर असे काम झाले आहे. केशर कोणत्या दिवशी घातले हे सांगणारे यापेक्षा खात्रीचे मोजमाप मला माहीत नाही.

आता काळाचा प्रश्न. येथे दगडातील सर्व स्फटिक आकारांनुसार मोजण्याची एक पद्धत आहे, जी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे ब्रूस मार्श यांनी १९८८मध्ये खडकांसाठी मांडली. कोणत्या आकाराचे किती स्फटिक आहेत याचा लघुगणकी आलेख काढला आणि तो सरळ रेषेत आला, तर तिच्या उतारावरून वाढीचा वेग आणि वाढीचा काळ यांचा गुणाकार मिळतो. मोजणी मात्र दिसते तितकी सरळ नाही. हलव्याचा दाणा मधोमध न कापता कडेला कापला तर लहानसे वर्तुळ दिसते आणि तीळ दिसतच नाही. तसेच दगड कापताना फारच थोडे स्फटिक मधोमध कापले जातात. शिवाय ज्यांना मी काड्या म्हणते, त्या मुळात काड्याच नव्हेत. त्या चिक्कीच्या वडीसारख्या चपट्या पाट्या आहेत आणि कापलेल्या पृष्ठावर आपल्याला बहुधा त्यांच्या कडाच दिसतात. दगड फोडताना एखादी पाटी सपाट उघडी पडली की मगच तिचा खरा विस्तार कळतो. ही दुरुस्ती गणिताने करावी लागते, आणि त्या गणितासाठी प्रसिद्ध असलेले कॅनडातील मायकेल हिगिन्स यांनीच आयआयटी मुंबईच्या डी. चंद्रशेखरम यांच्यासह २००७मध्ये दख्खनच्या महास्फटिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला.

या गणितात एक आकडा बाहेरून आणावा लागतो, तो म्हणजे वाढीचा वेग. हवाईतील किलौएआ ज्वालामुखीवर १९६५मध्ये मकाओपुही या विवरात लाव्ह्याचे तळे साचले होते. ते गोठत असताना त्याला वरून भोके पाडून नमुने घेतले गेले आणि पुढे त्या नमुन्यांतील प्लॅजिओक्लेज मोजून वाढीचा वेग वर्षाला मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांइतका निघाला. वर्षाला ०.०३ मिलिमीटर धरले, तर माझी २६ मिलिमीटरची काडी वाढायला सुमारे पावणेनऊशे वर्षे लागतील. परंतु तळ्यापेक्षा खोल कोष कितीतरी संथपणे निवतो, म्हणून वेग दहापट कमी धरला तर तीच काडी पावणेनऊ हजार वर्षांची होते. शतके की सहस्रके, हे गृहीत धरलेल्या एका आकड्यावर अवलंबून आहे. महास्फटिकांच्या वाढीचा काळ अमुक इतकी वर्षे, असे वाक्य कुठे वाचले की मी आधी वाढीचा वेग कोणता धरला आहे ते शोधते, आणि तो दिलेला नसेल तर तो परिच्छेद बाजूला ठेवते.

काळ मोजण्याचा दुसरा मार्ग यापेक्षा स्वतंत्र आहे, आणि त्याला मराठीत मुरणे हा नेमका शब्द आहे. कैरीची फोड मिठात टाकली की पहिल्या दिवशी फक्त कड खारट लागते, आठवड्याने मीठ आत पोचते आणि काही दिवसांनी कड व मध्य सारखेच लागतात. फोड कापून मीठ कुठवर गेले ते पाहिले तर लोणचे किती दिवसांचे हे सांगता येते. स्फटिकातही दोन पुटांमधली तीक्ष्ण सीमा शिलारसाच्या तापमानाला हळूहळू पुसट होते, कारण अणू एका पुटातून दुसऱ्यात सरकतात. प्लॅजिओक्लेजमधील कॅल्शियम-सोडियमची अदलाबदल फारच मंद असते, कारण तिच्याबरोबर अॅल्युमिनियम आणि सिलिकॉनचीही जागा बदलावी लागते. म्हणूनच पट्टे कोषाच्या उष्णतेतही टिकून राहिले. त्याच स्फटिकातील मॅग्नेशियम मात्र लवकर मुरते, आणि ऑलिव्हिनमधील लोह-मॅग्नेशियम तर दिवस, महिने, वर्षे अशा पल्ल्यातही मोजता येते. सीमा जितकी तीक्ष्ण, तितका शेवटच्या घटनेपासून उद्रेकापर्यंतचा काळ थोडा. दगड थंड झाला की मुरणे थांबते आणि घड्याळ त्या क्षणाला बंद पडते.

अशा मोजण्या जगभर साठत गेल्यामुळे शिलारसाच्या कोषाविषयीची कल्पनाच बदलली आहे. आम्ही शिकत असताना फळ्यावर ज्वालामुखीच्या खाली एक मोठा फुगा काढून त्यात लाल खडूने द्रव भरला जाई. आता असे मानले जाते की तो साठा बहुतांश काळ साबुदाण्याच्या दाट खिरीसारखा, स्फटिकांच्या गर्दीचा असतो, आणि निम्म्याहून अधिक स्फटिक झाले की तो वाहूच शकत नाही. खालून उष्ण द्रव आला की त्यातला थोडा भाग सैल होतो आणि तेवढाच बाहेर येतो. त्यामुळे एका लाव्ह्यात सापडणारे सगळे स्फटिक त्याच लाव्ह्यात जन्मलेले असतात, असे धरून चालत नाही. काही शेजारच्या जुन्या थरातून उपटून आणलेले असतात. काही स्फटिकांच्या पोटात तर ज्या द्रवात ते वाढले त्याचा सूक्ष्म थेंबही काचरूपाने अडकून राहतो, आणि बाहेरच्या लाव्ह्यातून उडून गेलेला कार्बन डायऑक्साइड व पाणी त्या थेंबात मोजता येते.

प्लॅजिओक्लेज वयनिश्चितीसाठीही वापरतात. २०१९च्या फेब्रुवारीत 'सायन्स' या नियतकालिकात दख्खनच्या उद्रेकांच्या कालक्रमावर दोन अभ्यास एकाच वेळी आले. कोर्टनी स्प्रेन आणि सहकाऱ्यांनी घाटातल्या बेसाल्टमधून वेचलेल्या प्लॅजिओक्लेजमधील आर्गॉन मोजला. ब्लेअर शोन आणि सहकाऱ्यांनी लाव्ह्याच्या थरांमधल्या तांबड्या पट्ट्यांतून ज्वालामुखीच्या राखेबरोबर आलेले झिरकॉन या खनिजाचे कण वेचून युरेनियम-शिसे पद्धतीने वय काढले. दोघांचे आकडे जवळचे होते, परंतु उद्रेक ठळक झटक्यांत झाले की बरेचसे सलग, याबाबत निष्कर्ष जुळले नाहीत. घाटातल्या वाटेवर दोन काळ्या थरांमध्ये जो विटकरी पट्टा दिसतो, त्यात मुठीएवढ्या मातीत मोजकेच झिरकॉन निघतात, केसाच्या जाडीचे. ते निवडणाऱ्यांच्या चिकाटीला माझा नमस्कार आहे.

माझ्या दगडाचे वय मी काढलेले नाही आणि तो यंत्राखाली नेण्याइतके पैसेही कधी जमले नाहीत. पण काप आहे, आणि सुट्टीच्या सकाळी मी तो अधूनमधून काढते. काडीचा आतला एकसारखा विस्तार ओलांडून नजर कडेला नेली की शेवटी ती बारीक किनार लागते, सुमारे एक दशांश मिलिमीटरची. तिची बाहेरची रेषा गुळगुळीत नाही, कातरलेली आहे, कारण भोवतालचे सूक्ष्म स्फटिक तिच्याशी एकाच वेळी जागेसाठी झगडत होते. एवढी किनार कोषात वाढलेली नाही. काडी जमिनीतून बाहेर पडल्यावर, आंबेगावच्या त्या उघड्या लाव्ह्यात, द्रव थिजायला जेवढा अवधी मिळाला तेवढ्यात ती चढली. तबकडी फिरवली की सर्वांत शेवटी विझते ती हीच.